न्हाणीमागचा दिवा

आमच्या घरामागे परसातली वाडी आहे. वाडीच्या टोकाला न्हाणी, आणि न्हाणीच्या भिंतीला लागून एक पायवाट शेजारच्या घरापासून धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे शेतांकडे, जाते. जागा आमची, पण वाट शेजारच्या काकाजींची. माझ्या वडिलांच्या काळापासून ते सांजच्याला त्याच वाटेनं आपल्या बांधीतलं पाणी पाहायला जायचे. वडील वारले त्या वर्षी आमच्या धानाची कापणी त्यांनीच उभं राहून करून घेतली होती. हे आधी सांगतो, कारण पुढे मी जे केलं ते अशा माणसाशी केलं.

पावसाळा लागल्यावर वाडीत साप निघाला, म्हणून मी न्हाणीच्या भिंतीवर सेन्सरचा दिवा लावून घेतला. समोरून कोणी गेलं की आपोआप लागणारा, थोड्या वेळानं विझणारा. सुरुवातीला घरातली सगळी त्याच्यासमोरून उगाच ये-जा करून पाहायची. मग सवय झाली.

मुलगी गोंदियाला कॉलेजात जाते. संध्याकाळी घरी आली की आधी आंघोळ. एक दिवस केस पुसत आली आणि आईला म्हणाली, "तो दिवा लागला होता. बाहेर कोणी होतं काय?"

बाहेर कोणी दिसलं नाही. पण असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहू लागलो. दिवा लागायचा, वाट रिकामी असायची, दिवा विझायचा. मी पोचेपर्यंत कोणी निसटत असेल असं मला वाटायचं. आणि त्या वाटेनं जाणारा माणूस एकच होता.

"काहीतरीच काय बोलता," बायको म्हणाली. "आपले काकाजी आहेत ते."

"मग दिवा काय हौसेनं लागतो? मशीन आहे ते, त्याला खोटं बोलून काय मिळणार?"

त्याच संध्याकाळी दिवा लागला तसा मी चपला घालून सरळ शेजारी गेलो. काकाजी अंगणात खाटेवर बसून अंबाडीची दोरी वळत होते. वळलेल्या दोरीचा मोठा वेढा पायापाशी पडला होता. म्हणजे ते कधीचे तिथेच बसलेले होते. मला ते दिसलं. दिसूनही मी मनात म्हणालो, आत्ताच येऊन बसले असतील. त्यांची सून पलीकडे चुलीपाशी होती.

"काकाजी," मी म्हणालो, "पोरगी न्हाणीत असते तवाच तुम्ही तिकडून काऊन जाता?"

एवढंच बोललो. सुनेनं पदर पुढे ओढला आणि ती उठून आत गेली. काकाजींचा हात दोरीवर थांबला.

"तू मले हे पुसून राहिला?"

"दिवा लागतो ना काकाजी."

"बरं," ते म्हणाले. "आता मी नाई येत तुह्या वाडीत."

सकाळी पाहिलं तर त्यांनी आपल्या बाजूनं वाटेवर बाभळीचे काटे टाकले होते. तेव्हापासून ते सडकेनं जाऊ लागले. सडकेचा फेरा मोठा, आणि त्यांचा एक गुडघा दुखरा. काठी टेकत जाताना ते मला रोज दिसायचे.

वाट बंद झाली तरी दिवा लागतच होता. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. मी म्हणालो, कुत्रं असेल, मांजर असेल.

पोळा झाला आणि एका रात्रीच्या पावसानं दिवा बंद पडला. सेन्सरमध्ये पाणी गेलं होतं. रविवारी मी गोंदियाहून नवा सेन्सर आणला आणि स्वतःच बसवायला घेतला. मेन स्विच पाडला, टेस्टर लावून पाहिलं, उघडण्याआधी वायरींचा मोबाइलमध्ये फोटो काढला.

सेन्सरला तीन वायरी होत्या. तपकिरीतून फेज आत येतो. समोर काही हललं की सेन्सर तो फेज लाल वायरीतून बल्बकडे सोडतो. निळी न्यूट्रलची. न्यूट्रल सेन्सरलाही लागतो आणि बल्बलाही, म्हणून घरातून आलेल्या न्यूट्रल वायरीला या दोघांची टोकं एकत्र पिळून वर टेप गुंडाळला होता. घरातून येणारी वायर पेरूच्या फांदीला बांधत आणलेली होती. जुना जोड वरून चांगला दिसला, म्हणून मी टेप वरवर सोडून नव्या सेन्सरचं टोक त्यातच पिळलं.

आभाळ भरून अंधारून आलं होतं. ओसरीत येऊन मेन चालू केला, तर दिवा लगेच लागला. न्हाणीपाशी कोणीही नव्हतं. वायरी उलट्या लागल्या असं वाटून मी दुकानदाराला फोन केला.

"सही लगा है भैया," तो म्हणाला. "करंट आया की पहले थोड़ी देर जलता ही है. फिर सेंसर अपना काम चालू करता है."

मी फोन ठेवला. तेवढ्यात हवा सुटली, पेरू हलला. दिवा विझला आणि पुन्हा लागला. मी वाडीत गेलो, दिव्याच्या मागच्या बाजूला उभा राहिलो आणि फांदी धरून हलवली. विझला, लागला. पुन्हा हलवली. विझला, लागला. मी किती वेळ फांदी हलवत होतो कोण जाणे. बायको दारात येऊन उभी राहिली तेव्हा थांबलो. 

मेन पाडून जोड उघडला. तारा काळ्या पडल्या होत्या आणि एकाच बारीक तारेवर सगळं टेकलेलं होतं. फांदी हलली की करंट तुटायचा, आणि परत आला की दिवा आपोआप लागायचा. काळ्या तारा कापून जोड नव्यानं केला, वायर फांदीवरून सोडवून भिंतीवरून घेतली. सगळं झाल्यावर मुलीला सांगितलं. तिचा चेहराच उतरला.

"बाबा, माझ्यामुळे झालं काय हे?"

"तुझ्यामुळे नाही," मी म्हणालो.

सकाळी शेजारी गेलो. "काकाजी, माझी चूक झाली. वायर ढिली होती. तिथं कोणीच नव्हतं."

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "मीच तं नोहोतो." मग आत पाहून म्हणाले, "सुनेसमोर बोलला होता तू. तिच्यासमोर सांग."

ती आली. मी तिच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं.  तिनं ऐकून घेतलं आणि खाली पाहत सासऱ्यांबद्दल म्हणाली, "भाऊजी, तवापासून मामाजी माह्या हातचं पानी मांगत नाई. मी न्हाणीत गेली का बाहेर सडकेवर जाऊन बसतात."

"तू नोको सांगू ते," काकाजी म्हणाले.

मला वाटलं होतं, ते रागावतील, चार शब्द सुनावतील आणि मी मोकळा होईन. तसं काही झालं नाही. मी म्हणालो, "काटे मी काढून टाकतो."

"राहू दे. आता सडकेनंच जातो मी."

काटे अजून तिथेच आहेत. कामावरून येताना काकाजी सडकेवर दिसले की मी मोटारसायकल थांबवतो. कधी बसतात, कधी हात हलवून पुढे जा म्हणतात. बसले तर मी गाडी हळू चालवतो. ते मागे असतात, त्यामुळे मला त्यांचं तोंड दिसत नाही. त्याचं बरं वाटतं, आणि बरं वाटतं याची लाजही वाटते.