मागच्या बैलाचा खांदा

वास्तववादी चित्रं काढणाऱ्या बाईला आमच्या चित्रकार मंडळींत फारसा भाव नाही. मोबाइल असताना बैल रंगवायचे कशाला, असं विचारतात. त्यांच्यातला एकजण कित्येक वर्षं नुसते निळे चौकोन काढतोय, त्याला कुणी काही विचारत नाही. मी बैलच काढते.

यंदा बाबांची जोडी काढली. गुडघे गेल्यावर बाबांनी पारशिवनीजवळची शेती पुतण्याला कसायला दिली, बैल शेजाऱ्याच्या हवाली केले आणि शहरातल्या नंदनवन वस्तीत माझ्या फ्लॅटवर राहायला आले. त्यानंतर बैलांचा विषयच बंद. दिवसभर टीव्हीवरच्या बातम्यांना शिव्या घालायच्या. वाटलं, चित्र पाहून माणूस बोलेल तरी. जीव ओतून रंगवलं: काळी ओली माती, पळसाचं झाड, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी जोडी. बाबांनी पाहिलं, "बरं हाय" म्हणाले आणि रिमोट उचलला. मला इतका राग आला की संध्याकाळच्या चहात मी त्यांना साखरच घातली नाही.

ते चित्र एका प्रदर्शनासाठी निवडलं गेलं. माझं पहिलंच. न्यायला टेम्पो येणार होता तो नेमका पोळ्याच्या दिवशी. आदल्या संध्याकाळी शाळेतले चित्रकलेचे तास आटोपून घरी आले, तर घरभर तुपाचा वास. म्हाताऱ्याने गुपचूप शिरा केला वाटतं, म्हटलं. बाबा चित्रासमोर स्टूल टाकून बसले होते, हातात वाटी. पुढच्या बैलाच्या खांद्यावर पिवळाधमक थर. पोळ्याच्या आदल्या दिवशी, वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळतात, हे मला ठाऊक होतं. कॅनव्हासलाही चोळतात, हे नव्हतं.

"बाबा! तैलरंग आहे तो, ओला आहे अजून! काय करून ठेवलं हे?"

"खांदे शेकून राहिलो. बोंबलते काहून वं? त्या मागच्याचा खांदा कुठं हाय?"

मागचा बैल पुढच्याच्या आड होता. त्याची शिंगं आणि एक डोळा, एवढंच दिसत होतं. मी तावातावाने सांगितलं की चित्राची रचना अशीच असते, सगळं दाखवायचं नसतं.

"तुया रचनेचं काय करू? जू तं दोघायनंबी ओढलं ना. याले लावलं अन् त्याले नाई, तं तो काय म्हणन?"

इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच बैलांविषयी बोलत होते. मी त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि उरलेलं हळद-तूप झाकून ठेवलं.

सकाळी रंग-ब्रश बाहेर काढले. मागच्या बैलाला पुढे ओढलं, त्यापायी पळस गेला. रचनेचा पार बट्ट्याबोळ झाला. दोघं दारात एकदमच शिरू पाहणाऱ्या पाहुण्यांसारखे दिसायला लागले. रंग वाळायची वाट न बघता बाबांनी त्या नव्या खांद्यावर हळद-तुपाचा अंगठा फिरवला. ठसा उमटला, तो मी तसाच ठेवलाय.

तेवढ्यात टेम्पोवाल्याचा खालून फोन आला. माझे हात रंगाने भरलेले, म्हणून बाबांनीच घेतला.

"आज पोळा हाय ना गा," ते म्हणाले. "बैलायले सुट्टी राहते."