तिसावा डबा

शेजारची रजिया गेल्याचं तिची मुलगी नाजनीन सांगायला आली, तेव्हा मला रडू आलं नाही. भीती वाटली. रजियाचं एक काम मी मुद्दाम अडवून ठेवलं होतं...

मंठ्यात आमच्या दोन घरांना भिंत एकच. तिचे मालक हमीदभाई शिलाईकाम करतात. पंचवीस वर्षांत त्यांच्या आधी ती कधी जेवली असेल असं मला वाटत नाही. पोटात गाठ निघाली, जालन्याला सलाईनच्या खेपा सुरू झाल्या, तरी घरी आल्यावर हाताला पट्टी तशीच ठेवून पोरीची वेणी घालायची. उभ्यानं नमाज होईना तर बसून, बसून होईना तर पडून. मी चिडायचे.

“एवढं करून काय दिलं तुझ्या अल्लानं तुला?”

“तुमाला दिलं की, रोज भांडायला!”

रमजानमध्ये डॉक्टरांनी रोजे बंद केले. घरात सगळ्यांना म्हणायची, बरी झाले की तीसही रोजे धरीन. आजारी माणसाला तशी सवलत असते. पण बरं होण्याची आशाच नसेल, तर एका रोज्यामागे एका गरिबाला दोन वेळचं जेवण द्यायचं. हे तिनंच मला कधीतरी सांगितलं होतं. म्हणून पावसाळा सरताना ती पिठाची पिशवी आणि रिकामा डबा घेऊन माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा मला कळलं, हिनं बरं व्हायची आशा सोडली.

“आक्का, गल्लीच्या टोकाच्या म्हातारीला रोज एक डबा द्या. तीस दिवस. आमच्या घरात कळू देऊ नका.”

“मी न्हाई करायची. नवऱ्याला सांग तुझ्या.”

“ते डरतेत. पोरगी बी डरती. तुमचं काळीज मजबूत हाय.”

मजबूत कसलं... भाकरी थापताना वाटायचं, आपणच हिचा एकेक दिवस कमी करतोय. हमीदभाईंनी एकदा विचारलं, “आक्का, डबा कुणाचा?” माझा नवस आहे, म्हटलं.

एकोणतीस डबे झाले आणि मी थांबले. शेवटचा दिला की ती जाणार, असं मनानं घेतलं. ती पडल्या पडल्या विचारायची, “झाले का, आक्का?” मी म्हणायचे, “म्हातारी लेकीकडं गेल्ती, राहिलेत अजून.” चौथी शिकलेली बाई मी, पण खोटं बराबर जमलं. नऊ दिवस जमलं. दहाव्या दिवशी सकाळी नाजनीन आली.

तिसावा डबा त्याच दिवशी दिला. पण माणूस गेल्यावर दिलेला चालतो का, हे मौलवींना विचारायची हिंमत अजून झालेली नाही. तिचं तिथं काही अडलं असेल, तर ते माझ्यामुळं.

ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मात्र हमीदभाईंना सगळं सांगून टाकलं. ते मान खाली घालून ऐकत होते.

“तिला मालूम होतं,” ते म्हणाले. “मला म्हणली, आक्का मला जाऊच देऊन न्हाई राह्यल्या.”

“चिडल्ती का?”

“हसली. मंग रडली.”

डबा त्यांनी परत घेतला नाही. माझ्या फळीवर आहे. भाकरी झाल्या की हात तिकडं जातो. परवा न राहवून भरला आणि नेला. “आता कुणाच्या नावानं गं?” म्हातारीनं विचारलं. मी डबा उघडून तिच्यापुढं सरकवला. ती खात होती तोवर समोर बसून राहिले. शेवटचा घास गेला तरी उठवेना.