साजिद साहेबांना बॉल देत नाही

मोठ्या साहेबांना बॉल न देणारा आमच्या कारखान्यातला पहिला माणूस म्हणजे साजिद. वाळूजच्या कारखान्यांच्या फुटबॉल स्पर्धेत आमच्या टीमची एक रीतच पडून गेली होती. प्लँटचे मोरे साहेब सगळ्यात पुढं खेळत. म्हणजे समोरच्या गोलपाशी जाऊन उभे राहत, आणि आम्ही इमानेइतबारे बॉल त्यांच्याकडे पोचवत असू. साहेब हमखास ऑफसाइड, म्हणजे समोरच्यांच्या शेवटच्या गड्याच्याही पुढं असत, पंच शिट्टी फुंके, आणि आम्ही पंचाला नावं ठेवत घरी येत असू. कप कधी आला नाही, पण साहेब खूश असत.

साजिद प्रेस शॉपला ऑपरेटर म्हणून लागला. पहिल्याच सरावाला त्यानं तिघांना चकवलं, हात वर करून ओरडणाऱ्या साहेबांकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि स्वतः गोल मारला. मी कॅप्टन. त्याला बाजूला घेऊन समजवायला गेलो तर मलाच म्हणतो, "दादा, बॉल मोकळ्या माणसाला द्यायचा असतो. साब मोकळे कुठं होते? नुस्ते उभे होते."

खेळ असा की बघत राहावं, आणि तोंडाला लगाम नाही. गोलकीपरशी भांडण, पंचाशी भांडण, सरावाला उशीर. बोलायला जावं तर उत्तर ठरलेलं: "मेरेकू खेलने बुलाए ना? खेलता मैं. हौ साब, हौ साब करने नै आया." मला त्याचा भयंकर राग यायचा. मग बॉल त्याच्या पायात आला की मी तो राग साफ विसरायचो.

सेमीफायनलला साहेब सगळ्यांदेखत ओरडले, "पास दे ना गाढवा!" साजिद थांबला. बूट काढून हातात घेतले आणि सरळ मैदानाबाहेर चालता झाला. उरलेल्या दहा जणांनी जीव तोडून गोल वाचवले आणि त्यानंच आधी मारलेल्या एका गोलवर आम्ही जिंकलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "फायनलला तो नको. घ्यायचाच असेल तर तुझ्या जबाबदारीवर. पुन्हा मैदान सोडून गेला, तर पुढच्या वर्षीपासून टीम बंद."

ही टीम मी उभी केली होती. तिन्ही शिफ्टची पोरं गोळा करायची, सुपरवायझरांच्या विनवण्या करून त्यांना सोडवून आणायचं, हे सगळं मीच करत आलो होतो. तरी तोंडातून निघून गेलं, "घेतो, साहेब."

साजिदला सगळं सांगितलं. त्यानं एकच विचारलं.

"अन् परत गाली दिली तर?"

"गिळून टाक."

"गिळणार नाय दादा. पण जाणार बी नाय. जबान देतो."

फायनलला एक-एक बरोबरी होती आणि साहेब नेहमीच्या जागी उभे होते. साजिद बॉल पायाखाली दाबून अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "साब, पीछे आओ! उनके आदमी के बराबर!" साहेब लालबुंद झाले. आणि मग मागं सरकले. त्यांना असं कधी कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं.

सामना संपत आला तेव्हा साजिद डावीकडून घुसला. समोर एकटा गोलकीपर. हा स्वतःच मारणार हे आम्हाला ठाऊक, गोलकीपरलाही ठाऊक. साजिदनं बॉल अलगद आडवा ढकलला. साहेब अगदी जिथं हवे तिथं धावत आले होते. त्यांच्या पायाला लागून बॉल जाळ्यात गेला. मी वेड्यासारखा नाचलो.

कप हातात आल्यावर साहेबांनी साजिदच्या पाठीवर थाप मारली. "शेवटी दिलास ना मला पास!"

सगळे हसले. साजिद हसला नाही. "आज तुमी बरोबर जागेवर होते, साब. नसते, तर आज बी नसता दिला."

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या वर्षी कॅप्टन हा."

कॅप्टनकी गेली आणि अभिमानानं छाती भरून आली, असं आमच्या वाळूजमध्ये माझं एकट्याचंच झालं असेल.