तेलाखालचं मखमल: मैलापूर ते अंबत्तूर

भिंतीवरच्या शिंगांच्या वारसदारांनो, हा मजकूर तुमच्यासाठी आहे. तुम्ही थोडेथोडके नाही. आजोबांनी बार काढला, मेलेल्या जनावरावर पाय ठेवून फोटो काढून घेतला आणि यथावकाश तेही गेले. शिंगं मात्र आपल्या दिवाणखान्यात राहिली. ती विकायची नाहीत, कुणाला भेट द्यायची नाहीत आणि उकिरड्यावर फेकायची तर नाहीतच. वन्यजीव कायदा योग्यच आहे, त्याच्या बाजूने मी कित्येक व्यासपीठांवर घसा कोरडा केला आहे. पण त्याच शिंगांतून एक दिवस भुसा गळायला लागला तर करायचं काय, हे आपल्याला कुणी धडपणे सांगत नाही. ज्याला विचारावं तो दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतो.

माझ्यापुरतं त्याचं उत्तर चेन्नईत मिळालं. ते मला आवडलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात मामांच्या फोनने झाली. आईचे धाकटे भाऊ, वय ऐंशी, बँकेतून निवृत्त, मैलापूरला राहतात. घराणं तंजावरकडचं, त्यामुळे त्यांची मराठी आपल्या पणजोबांच्या पत्रासारखी वाटते. "अरे, अप्पांच्या सांबराला किडा लागला. रोज खाली भुसा पडतो. अंबत्तूरला एक बाई आहे, गोठवून सुकवते म्हणतात. तूं येतोस का?"

अप्पा म्हणजे माझे आजोबा. ते महसूल खात्यात होते आणि शिकारी होते. त्यांचं एक वाक्य मी निदान शंभर भाषणांत वापरलं असेल: मखमलातल्या नरावर बंदूक उचलायची नाही. सांबराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. पावसाळ्यात वाढत असताना त्यांच्यावर लवदार, मऊ कातडं असतं आणि आत रक्त खेळत असतं. हेच मखमल. शिंग टणक झालं की ते झडतं. तोवर नराला मारणं अप्पांच्या मंडळीत हलकेपणाचं समजत. शिकाऱ्यालाही मर्यादा होती, डोंगर फोडणाऱ्यांनो, तुम्हाला आहे का? असं मी विचारायचो आणि टाळी पडायची. हमखास.

पुण्याहून गाडी पकडली. जवळजवळ एक दिवसाचा प्रवास आहे. डबा घरून न्या, वाटेत जेवणाचा भरवसा नाही. सकाळी सेंट्रलला उतरल्यावर बाहेर रिक्षावाल्यांशी हुज्जत घालत बसू नका. समोरून एमआरटीएसची, म्हणजे लोकलची, गाडी मिळते, तिकीट चहाच्या भावात, आणि मैलापूरला उतरवते. मामांकडे इडली होती आणि दुपारी दह्यात कालवलेलं उडदाच्या पिठाचं डांगर. साताऱ्यात आम्ही करतो तेच, फक्त इथे त्याला पच्चडी म्हणतात आणि वरून मोहरीची फोडणी देतात.

सांबर दिवाणखान्यात होतं. कवटीचा तुकडा, त्यावर दोन शिंगं, खाली पितळी पाटी: 'नियमाने केलेली शिकार'. शिंगांवर काळपट तांबडा जाड थर होता. खाली मांडलेल्या वर्तमानपत्रावर पिवळसर भुसा. मामांनी फाइल उघडून दाखवली. मालकीचा दाखला, अप्पांच्या नंतर तो मामांच्या नावावर झाल्याचा कागद आणि दुरुस्तीसाठी बाहेर नेण्याची वनखात्याची लेखी परवानगी. शेवटच्या कागदाला दोन महिने आणि चार खेपा लागल्या. तुम्हीही आधी हेच करा. कागदाशिवाय शिंग उंबऱ्याबाहेर काढू नका.

दुसऱ्या दिवशी मामांच्या जुन्या वेष्टीत, म्हणजे धोतरात, सांबर गुंडाळून टॅक्सीत ठेवलं. ड्रायव्हरने आरशातून बघत तमिळमध्ये विचारलं, आत काय आहे. मामांनी फाइल छातीशी धरली. "कागद आहे, सार, कागद आहे!" त्याला फक्त डिकीत ठेवू का एवढंच विचारायचं होतं.

अंबत्तूरची औद्योगिक वसाहत कुठल्याही वसाहतीसारखीच. लेथचे आवाज, दुचाक्या, मध्येच एखादी काचेची आयटी इमारत. आमची शेड एका गल्लीच्या टोकाला होती. दारातच फणसाचा वास आला. मामांनी सांगितलेल्या बाई म्हणजे शुभांगीताई. त्या चंद्रपूरकडच्या, नवऱ्याच्या संरक्षण कारखान्यातल्या नोकरीमुळे इकडे आल्या. एका यंत्रात त्या फणसाचे गरे सुकवून विकतात, त्यावर घर चालतं. दुसऱ्या यंत्रात प्राणी. त्यासाठी वेगळा परवाना आहे.

"घाबरू नका भाऊ, दोन्ही यंत्रांचे पंपही वेगळे आहेत," मी गऱ्यांकडे बघतोय हे पाहून त्या म्हणाल्या.

दुसऱ्या यंत्राच्या काचेतून एक चितळ दिसत होता. प्राणिसंग्रहालयात मेलेला, एका महाविद्यालयासाठी पाठवलेला. कान टाचण्यांनी उभे केलेले, शिंगं गुबगुबीत, मखमलासकट. असं शिंग उघड्यावर ठेवलं तर आतलं रक्त सडतं. म्हणून आधी कडक गोठवायचं, मग हवा काढून घ्यायची. बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते, आकार बदलत नाही, लवही झडत नाही. दर काही दिवसांनी वजन करायचं. घटायचं थांबलं की सुकलं. शिंगांना काही आठवडे लागतात.

ताईंनी आम्हाला हातमोजे आणि मास्क दिले. जुन्या शिकारीच्या वस्तूंना अनेकदा विषारी औषध लावलेलं असतं, म्हणून. मग त्यांनी वेष्टी सोडली, शिंगावरून बोट फिरवलं आणि मामांकडे पाहिलं.

"काका, याला तेल कोणी पाजलं?"

"तेल न्हवे, पूजा ती. खंडेनवमीला बंदुकीबरोबर शिंगांनाही तेल, हळद, कुंकू. आमच्या घरीं चूक जाली नाही कधीं."

"किती वर्षं?"

"मी आठ वर्षांचा होतों तेव्हांपासून."

"म्हणजे सत्तर वर्षं किड्यांना जेवण वाढून राहिले तुम्ही!"

मामा मोकळेपणाने हसले. ताईंनी कसल्याशा द्रावणात कापूस बुडवला आणि शिंगाच्या बुडापासून हलक्या हाताने पुसायला लागल्या. कापूस तांबडा झाला, मग काळा, मग फिका. थराखालून तपकिरी लव वर आली.

"मखमल आहे," त्या म्हणाल्या. "वाढत्या शिंगाचं मारलंय हे. म्हणूनच किडा इतका खुश."

पुढचं त्यांनी सरळ कामाच्या भाषेत सांगितलं. दोन रस्ते आहेत. एक, मखमल खरवडून शिंग चकचकीत करायचं. दोन दिवसांचं काम, स्वस्त, पुन्हा किडा नाही, आणि बघणाऱ्याला टणक शिंगच दिसेल. दोन, तेल काढायचं, गोठवून अळ्या मारायच्या, सुटलेलं कातडं ओलवून जागेवर बसवायचं आणि मग यंत्रात सुकवायचं. चार आठवडे. खर्च माझ्या रेल्वेच्या तिकिटाच्या कितीतरी पट.

"खरवडून टाका," मी म्हणालो.

हे वाक्य माझंच आहे. सत्यावर तासतासभर बोलणाऱ्या माणसाचं. त्या क्षणी माझ्यासमोर सांबर नव्हतं, टाळ्या वाजवणारं सभागृह होतं.

मामा स्टुलावर बसले. कापसाचा एक काळा बोळा त्यांनी हातमोज्यातल्या बोटांनी उचलला. "अप्पा सांगायचे, जाड लाव रे, केस दिसूं नयेत. मला वाटलं, पूजा नीट व्हावी म्हणून सांगतात. मी लावीत गेलों."

"मग तर खरवडायलाच हवं, मामा. त्यांचं नाव राहील."

"नोको."

"का?"

"झांकलं म्हणूनच किडा लागला, असं हिनं आतांच सांगिटलं ना? तूं ऐकलास नाही का? भाषण करतोस, ऐकत नाहीस." मग ताईंकडे वळून, "पोरी, केस राहूं दे. सगळे."

"राहतील, काका," ताई म्हणाल्या आणि पावती लिहायला लागल्या. त्यांनी त्यात वनखात्याच्या पत्राचा क्रमांकही लिहिला.

तिसऱ्या दिवशी परतीची गाडी दुपारची होती. सकाळी टी. नगरला साड्या बघायचा बेत होता, पण सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊ नका. रस्त्यात माणसाला वळता येत नाही. आम्ही मैलापूरलाच पाट्या कोरणाऱ्याकडे गेलो. मामांनी जुनी पाटी घरीच काढून ठेवली होती. नवी त्यांनी तमिळमध्ये सांगितली आणि मग मला मराठीत: सांबर, नर. शिंगं वाढत असताना मारलं.

"मराठीत नको?" मी विचारलं.

"नातवंडांना मराठी वाचतां येत नाही. हें त्यांना वाचतां आलं पाहिजे."

साताऱ्याला परतल्यावर आठवड्याभरातच एक व्याख्यान होतं. भाषणात नेहमीच्या जागी मी आलो. मखमलातल्या नराचं वाक्य सांगितलं, आणि मग तेलाखाली काय निघालं तेही सांगितलं. टाळी पडली नाही. मागच्या रांगेत एक बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या, एवढंच आठवतं.

गेल्या आठवड्यात मामांनी फोटो पाठवला. सांबर भिंतीवर परत आलंय. खाली वर्तमानपत्र नाही. खिडकीच्या उजेडात शिंगांवरची लव वेगळी दिसते, जिवंत नव्हे, पण खरी. माझ्याकडे अप्पांचा शिकारीच्या वेळचा एक फोटो आहे, तो मी काढून टाकलेला नाही. फक्त आता तो बघताना मी पावसाळ्याचं गवत किती वाढलंय तेही बघतो.

तर वारसदारांनो, येत्या खंडेनवमीला तेलाची वाटी बाजूला ठेवा. हातमोजे घाला, शिंगं भिंतीवरून उतरवा, कोरडा कापूस घ्या आणि बुडापासून एकदा हलक्या हाताने पुसून बघा.