सुधारत जाणारा पत्रा

कारैकुडीत अळगम्मैच्या अप्पांचं मुलाम्याचं दुकान होतं. आम्लाच्या वासातच ती लहानाची मोठी झाली. पुढे गावातल्याच प्रयोगशाळेत लागली आणि पाण्यातून हायड्रोजन काढायच्या नादी लागली. आम्ल घातलेल्या पाण्यात वीज सोडली की एका टोकाला हायड्रोजन सुटतो, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन. पण तो झटपट सुटायला प्लॅटिनम लागतं, आणि ते कुणाला परवडतंय? तेच काम स्वस्त निकेलकडून करून घ्यायचं, हा तिचा हट्ट. वर्षानुवर्षं ती हायड्रोजनच्या टोकाला लावायच्या पत्र्यांवर निकेलचे लेप चढवत होती आणि ते गळून पडत होते.

"निघाला का गं तुझा वायू?" पणियारम वाढताना अम्मा विचारायची.

"निघतो, पण कुंथत कुंथत!"

अखेर निकेल-फॉस्फरसचा एक लेप जमला. नुसता जमला नाही, जितका चालवावा तितका सुधारत गेला. विभागप्रमुख मुत्तुकरुप्पन सर हरखले. लेख गेला, स्वीकारलाही गेला. सरांनी पत्रकारांना बोलावणं धाडलं.

अळगम्मैची मात्र चिडचिड वाढली. "सर, वापरून चप्पल झिजते, माणूस झिजतो. हा पत्राच तेवढा गोजिरा होत चाललाय, तो का?"

"अगं, देवानं दिलंय तर पदरात घे की!"

तिनं पत्रा तपासायला टाकला. निकेलवर प्लॅटिनम निघालं! ऑक्सिजनच्या टोकाला सगळ्यांसारखी तिनंही प्लॅटिनमची तार लावली होती. ती आम्लात कणाकणानं विरघळून पत्र्यावर येऊन बसत होती. म्हणजे सरळसरळ मुलामाच! "मुलामेवाल्याची पोर मी, आणि मलाच कळू नये!" तिनं कपाळावर हात मारला.

सर म्हणाले, "कणभर तर आहे. कणभरानं काय होतंय?"

"सगळं काम तो कणभरच करतोय, सर! प्लॅटिनम नको म्हणून तर आपण लेख लिहिला!"

"मग पत्रकारांना काय सांगू?"

"येऊ नका म्हणून सांगा."

"ते तूच सांग!"

तिनं एकेकाला फोन केले. एकानं विचारलं, "म्हणजे आता पाण्यातून हायड्रोजन निघत नाही?"

"निघतो हो! आपल्या खापरपणजोबांच्या काळापासून निघतोय!"

लेख तिनं मागे घेतला. तारेच्या जागी ग्राफाइटची कांडी लावली, तर पत्रा आजाऱ्यासारखा मलूल पडला. सरांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. ती धुसफुसत पुन्हा लेप चढवायला लागली. या खेपेला मॉलिब्डेनम मिसळून, आणि वर्ष गेल्यावर बरा लेप हाती आला. प्लॅटिनमच्या पासंगाला पुरेना, पण जे करत होता ते स्वतःच्या बळावर.

सर एकदा आपणहून आले, बुडबुडे बघत उभे राहिले. "कांडी कुठली?"

"ग्राफाइट."

"नक्की?"

"चाटून बघा!"

सर हसले. नवा लेख एका लहानशा नियतकालिकात आला, पत्रकार कुणी फिरकला नाही. लेपाचे मात्र महिनाभरात पापुद्रे सुटतात. ते का, याच्या मागे अळगम्मै सध्या आहे, आणि तिला कुणी "कसं चाललंय?" म्हणून विचारलेलं खपत नाही.