शेवटाआधी उठणारे डायरेक्टरकाका

सिनेमा शेवटाकडे आला की डायरेक्टरकाका उठून बाहेर जात. थिएटर असो की आमचा हॉल, सवय तीच. आम्ही सोफ्यावर डोळे पुसत असू आणि हे बाहेर डेकवर, ऐन थंडीत जँडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला, घालून, आमच्या लिंबाच्या झाडाकडे बघत उभे. विचारलं तर म्हणत, "शेवट प्रोड्यूसरचा असतो. माझा सिनेमा इथपर्यंतच."

ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागात आमच्या शेजारच्या भाड्याच्या घरात ते एकटेच राहायचे. मूळचे अमेरिकन. तिकडे त्यांनी स्वतः लिहून दिग्दर्शित केलेले दोन सिनेमे लोकांनी नावाजले होते. तिसऱ्याचा शेवट मात्र प्रोड्यूसरने त्यांना न विचारता दुसऱ्याकडून शूट करून घेतला, आणि नेमका तोच सिनेमा तुफान चालला. भेटेल तो त्या शेवटाचंच कौतुक करायचा. पुढे एका सिनेमासाठी ते ऑकलंडला आले, तो मध्येच बंद पडला आणि हे इथेच राहिले. इतका गुणी माणूस लोकांची लॉन्स कापत बसला, याचा मला फार राग यायचा.

पुण्याहून आलेल्या माझ्या बाबांशी मात्र त्यांचं मेतकूट जमलं. बाबांनीच गळ घातली म्हणून आमच्या मंडळाच्या गणपतीतलं नाटक बसवायला ते तयार झाले. अट एकच, शेवटाला कोणी हात लावायचा नाही. अध्यक्षांनी हसत हसत शब्द दिला. नाटक काकांनी इंग्रजीत लिहिलं, मराठी मी केलं.

मुलीकडून कायमचा परत निघालेल्या म्हाताऱ्याची गोष्ट होती. शेवटी बाबा स्टेजवर एकटे. बॅगेला सुतळी बांधायची, तिच्यावर बसायचं आणि गप्प राहायचं, मग हळूहळू अंधार. आमच्या गराजमध्ये तालीम चाले. बाबा गाठ घाईघाईत मारायचे. "स्लो, बाबा," काका म्हणत. "लोकांना थांबू द्या. बघा, कोणाला बोलावंसं वाटणार नाही."

गणपतीत सत्कार लांबले, शाली काही संपेनात. हॉल रिकामा करून द्यायची वेळ झाली होती आणि मसालेभात गार होत होता. बाबांनी गाठ मारली, बसले, गप्प झाले. आमच्याकडे स्टेजवर कोणी गप्प झालं, की एक तर तो वाक्य विसरलेला असतो, नाहीतर नाटक संपलेलं असतं. अध्यक्ष माइक घेऊन थेट बाबांशेजारी येऊन उभे राहिले. "वा, वा! फारच छान झालं. जेवण तयार आहे, आधी मुलांची लाईन लावू या!"

टाळ्या, खुर्च्यांचा खडखडाट. काका मागच्या भिंतीपाशी उभे होते. शेवट बघायला थांबलेलं मी त्यांना तेव्हाच काय ते पाहिलं. मग त्यांनी सगळ्यांबरोबर खुर्च्या उचलल्या, श्रीखंड खाल्लं, अध्यक्षांना इथल्या लोकांसारखं "स्वीट ॲज", म्हणजे एकदम मस्त, म्हणाले. मला रडूच आलं.

त्यानंतर लवकरच ते अमेरिकेला बहिणीकडे गेले. पुढे तिचाच फोन आला, ते गेल्याचा.

यंदा बाबा पुण्याला परत निघाले. पुन्हा इतका लांबचा प्रवास त्यांना झेपणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. हॉलमध्ये त्यांनी बॅगेला सुतळी बांधली, अगदी सावकाश, आणि तिच्यावर बसून राहिले. नवरा गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभा होता, पण त्यानेही हाक मारली नाही. कोणीच काही बोललं नाही. काका डेकवर असते तर मी त्यांना हाताला धरून आत आणलं असतं.