राणीची दुपार

आम्ही सहा जण दहा बाय दहाच्या खोलीत वाढलो. कूस बदलायची तर शेजारच्याला सांगून बदलावी लागे. एकटं झोपणं म्हणजे काय, ते मला ठाऊकच नव्हतं. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि हॉस्टेलच्या पहिल्या आठवड्यात ते कळलं.

आता नोकरीसाठी परदेशी निघालेय आणि माझ्या कुत्रीला, राणीला, सोबत नेतेय. डॉक्टर म्हणाले, "कागदपत्रं होतील हो. आधी तिला बंद पिंजऱ्यात एकटं राहायला शिकवा. नाही जमलं तर विमानात घालू नका." महिना झाला, रोज दुपारी मी जाळीचं दार लावते आणि ती जाळीला नाक टेकून माझ्याकडे बघते. भुंकत नाही, नुसती बघते.

आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "तिला नेतेस ते बरं. मी नाही येणार बाई. तिथं मी बोलू कुणाशी?"

"माझ्याशी बोल की."

"तू दिवसभर ऑफिसात. म्हणजे मीपण पिंजऱ्यातच."

सवय होते म्हणतात ती अशीच होत असावी. आपण हाक मारणं थांबवतो आणि लोक म्हणतात, रुळली. हॉस्टेलात मीही तशीच रुळले; रडून घरी परतणं मला परवडणारं नव्हतं. पण तेव्हा माझ्या दाराबाहेर कुणी बसलेलं नव्हतं. म्हणून राणीला झोप लागेपर्यंत मी तिच्याजवळून उठत नाही.

आज दार लावल्यावर ती दोनदा गोल फिरली, अंग टाकलं आणि दोन तास गाढ झोपली.